दाखला कुठे थांबवायचा

दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला आणि संध्याकाळी पाचला येऊन तासभर हात लावलेल्या माणसाला सारखीच मजुरी द्यावी का? दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात हा प्रश्न विचारला तर उत्तराची वाट पाहावी लागत नाही. छाटणीच्या आणि विरळणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून आलेले मजूर पहाटेच नाक्यावर उभे असतात. कुणाला घ्यायचं आणि कुणाला ठेवायचं हे मुकादम एका नजरेत ठरवतो. रोज, हजेरी आणि उक्तं या तीन शब्दांभोवती सगळा हंगाम फिरतो. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या लहान मंडळ्यांमध्ये आयुष्य घालवलेले एक पाळक अशाच लोकांसमोर मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला सांगतात. सांगताना आवाज चढवत नाहीत, पदरची भर घालत नाहीत. गोष्ट संपली की गप्प बसतात.

पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा रागाची असते. "पाळकसाहेब, हे काही बरोबर नाही. असा मालक असला तर उद्या सकाळी कामाला येईल कोण?" असं कुणीतरी म्हणतंच. पाळक त्याला अडवत नाहीत. हा राग दाखल्याच्या रचनेतच आहे, असं त्यांचं म्हणणं. गोष्टीतला मालक सूर्योदयाला, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला असा पाचदा बाजारात जाऊन माणसं आणतो. मजुराचा रोज सूर्य मावळण्याआधी चुकता करावा, ही मोशेच्या नियमशास्त्रातली आज्ञा. तिला धरून तो संध्याकाळी कारभाऱ्याला पैसे वाटायला सांगतो, आणि वाटप शेवटून सुरू करायला लावतो. सकाळच्या माणसांना आधी पैसे मिळाले असते, तर ठरलेला एक दिनार कनवटीला लावून ती समाधानाने घरी गेली असती. येशूने त्यांना रांगेत शेवटी उभं केलं, त्यामुळे दुसऱ्याच्या हातातला दिनार त्यांना पाहावा लागला. भांडण सांगणाऱ्यानेच लावून दिलं आहे.

एका बैठकीत हा वाद चांगला रंगला असताना, इतका वेळ मागे भिंतीला टेकून बसलेला एक वयस्क मजूर बोलला. "पाचपर्यंत नाक्यावर कोण उरतं ते मला विचारा. म्हातारा उरतो. हात मोडलेला उरतो. कडेवर लेकरू असलेली बाई उरते. त्यांना कामाचा कंटाळा नसतो. त्यांना कुणी घेत नाही."

मत्तयाच्या मजकुरात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं मालक विचारतो, तेव्हा आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं ते लोक सांगतात. थोड्याच वेळापूर्वी हे वाक्य सगळ्यांसमोर वाचून झालं होतं, पण ते ऐकू आलं या माणसाच्या तोंडून. मग कुणीतरी म्हणालं, काम तासभर केलं तरी घरी खाणारी तोंडं तेवढीच असतात. एक दिनार म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज, म्हणजे एका घराची एका दिवसाची भूक. वाद मिटला मात्र नाही. सकाळच्यांना दोन दिनार द्यायला काय हरकत होती, हा मुद्दा एका तरुणाने शेवटपर्यंत सोडला नाही. पाळकांनी त्याला खोडून काढलं नाही आणि निकालही दिला नाही. बैठक सुटल्यावर माणसं फाटकापाशी उभी राहून तेच बोलत होती.

दाखल्यांचं प्रयोजन काय, यावर संडे स्कूलपासून ऐकलेलं एक उत्तर आहे: अवघड तत्त्वं साध्या माणसांना समजावीत म्हणून येशू शेतातल्या आणि घरातल्या गोष्टी सांगायचा. ऐकायला हे पटतं. पण शुभवर्तमानं उघडली की ते टिकत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात शिष्य एकांतात येशूला दाखल्यांबद्दल विचारतात, तेव्हा तो यशया संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातले कठोर शब्द वापरतो. बाहेरच्यांना सगळं दाखल्यांतच मिळतं. त्यांनी पाहावं पण त्यांना दिसू नये, ऐकावं पण समजू नये, असा त्याचा रोख. मत्तय हाच प्रसंग थोडा मऊ करतो. त्यांना दिसत नाही म्हणून मी दाखल्यांनी बोलतो, असं त्याच्याकडे आहे. कसंही वाचलं तरी सोपं करून सांगण्याचा हेतू यातून निघत नाही.

पाळक हा उतारा टाळत नाहीत, आणि ही त्यांची मोठी गोष्ट आहे. कित्येक उपदेशक तो वगळून थेट त्याच अध्यायातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्याच्या अर्थाकडे जातात. हा उतारा समजावताना पाळक नाक्यावरच्या म्हाताऱ्याचं उदाहरण देतात. गोष्ट एकच होती आणि ती सगळ्यांच्या कानांवर पडली. जो तिच्यात जाऊन उभा राहिला त्याला ती उघडली. बाहेर उभं राहून मजुरीचा हिशेब करणाऱ्याला ती बंद राहिली. मार्कच्या त्या अध्यायात "बाहेरचे" असा शब्द आहे. पाळकांच्या वाचनात तो कुठल्या जातीला किंवा धर्माला चिकटलेला नाही. ज्याला गोष्टीत पाय टाकायचा नाही, तो बाहेरचा. हे वाचन पटण्याचं सर्वांत भक्कम कारण जुन्या करारात आहे.

दावीद राजाने उरियाच्या बायकोला आपल्याकडे आणलं आणि उरियाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तो एक फिर्याद घेऊन. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ती आहे. एका गावात एक श्रीमंत होता, त्याच्याकडे कळप होते. शेजारच्या गरिबाकडे एकच मेंढी, लेकीसारखी वाढवलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने आपले कळप सोडून गरिबाची मेंढी कापली. दावीद भडकला. असला माणूस मरणाला पात्र आहे, त्याने चौपट भरपाई द्यावी, असा निकाल त्याने तिथल्या तिथे दिला. तो माणूस तूच, असं नाथानने त्यानंतर सांगितलं. सरळ उरियाचं नाव काढलं असतं तर राजाकडे शंभर सबबी होत्या, आणि नाथानच्या मानेवर तलवार होती. मेंढीच्या गोष्टीत राजा न्यायाधीश झाला, आणि न्यायाधीशाला आपलाच निकाल मागे घेता येईना.

येशूचे कितीतरी दाखले याच वाटेने जातात. एकाचं पाचशे दिनारांचं कर्ज माफ झालं, दुसऱ्याचं पन्नासाचं. जास्त प्रेम कोण करील, हे तो शिमोन परूश्याला विचारतो. कामाला जातो म्हणून न गेलेला मुलगा आणि नाही म्हणून गेलेला मुलगा, यांतल्या कुणी बापाचं ऐकलं, हे मंदिरातल्या मुख्य याजकांना विचारतो. द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचं मालकाने काय करावं, हे मत्तयात ऐकणारेच सांगतात, आणि नंतर ती कुळं म्हणजे आपणच हे त्यांच्या लक्षात येतं. उत्तर ऐकणाऱ्याकडून वदवून घ्यायचं, ही यातली खरी कारागिरी आहे.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात ती सर्वांत धारदार होते.

यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता सुमारे 25 किलोमीटरचा. यरुशलेम समुद्रसपाटीच्या बरंच वर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. एवढ्या अंतरात जवळपास हजार मीटर उतार. भोवती उजाड डोंगर, लुटारूंना लपायला घळी. तिथे अर्धमेला पडलेल्या माणसाला याजक ओलांडून जातो, लेवी ओलांडून जातो, आणि शोमरोनी थांबतो. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर जुनं होतं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्ता योहानान हिर्कान याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केलं होतं. लूकच्या दहाव्या अध्यायात ही गोष्ट एका शास्त्र्याच्या प्रश्नावर येते: माझा शेजारी कोण? गोष्ट संपल्यावर येशू प्रश्न फिरवून विचारतो, लुटलेल्या माणसाचा शेजारी या तिघांपैकी कोण ठरला? शास्त्री उत्तर बरोबर देतो, पण शोमरोनी हा शब्द तोंडातून काढत नाही. ज्याने दया केली तो, एवढंच म्हणतो.

नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधली बहुतेक घराणी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून ख्रिस्ती झालेली आहेत. त्यांना हा दाखला लगेच आपला वाटतो. आम्हीच ते शोमरोनी, गावाने आम्हाला बाहेर ठेवलं, असं म्हातारी माणसं अभिमानाने सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पाळक ते मान्य करतात. मग आणखी एक प्रश्न टाकतात. येशूसमोर बसलेला शास्त्री यहुदी होता. ऐकताना तो शोमरोनी होऊ शकत नव्हता. याजकाच्या जागी उभं राहायला त्याला आवडलं नसतं. त्याला उरली एकच जागा, रस्त्यात पडलेल्याची. "आता तुम्ही तिथे पडलेले आहात. शुद्धीवर येताना कुणाचा हात अंगावर असलेला तुम्हाला सोसणार नाही?"

इथे खोलीतलं बोलणं थांबतं. एका गावात एका तरुणाने खाली बघून सांगितलं, "चुलत्याचा." बांधावरून त्यांची कोर्टात केस चालू होती. एक बाई बराच वेळ थांबून म्हणाल्या, "माझ्या आजीला ज्यांनी विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांच्या घरातल्या कुणाचाही." यावर उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, आणि पाळकांनी तो केला नाही. पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. एखाद्याला वाटेल, त्या बाईंना क्षमेबद्दल चार शब्द ऐकवायला हवे होते. मला तसं वाटत नाही. दाखल्याने तिच्याकडून एक खरं वाक्य बाहेर काढलं होतं. त्यावर लगेच शिकवण ओतली असती, तर पुढच्या वेळी ती बोलली नसती.

गोष्टीचा अर्थ हातात ठेवून देण्याचा मोह मात्र फार जुना आहे. संत ऑगस्टिनने या दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला अर्थ लावला होता: लुटलेला माणूस आदाम, यरीहो म्हणजे चंद्र आणि त्यातून सूचित होणारी मर्त्यता, उतारशाळा म्हणजे मंडळी, उतारशाळेचा मालक म्हणजे पौल. त्या वाचनात एक भक्ती आहे, पण शास्त्र्याचा प्रश्न हरवतो आणि शोमरोन्याचं शोमरोनी असणंही हरवतं. 19व्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ यूलिशर या जर्मन अभ्यासकाने या पद्धतीवर घाव घातला; दाखल्यात मुद्दा एकच असतो, असं त्याने मांडलं. पुढे सी. एच. डॉड यांनी 1935च्या ग्रंथात म्हटलं, की दाखला त्याच्या नेमक्या लागू पडण्याविषयी मनात पुरेशी शंका ठेवतो आणि तिच्यामुळे माणूस विचाराला लागतो. पाळकांच्या कामाशी सर्वांत जुळणारं हेच म्हणणं.

गोष्टीचा अर्थ सांगावा की नाही, या प्रश्नाला तर मराठीत आपलीच परंपरा आहे. 13व्या शतकातल्या महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त चक्रधरस्वामींचे 114 दृष्टान्त केसोबासांनी एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी केसोबासांनी जोडलेलं दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्ताचा सूत्राशी मेळ, अशी त्याची मांडणी आहे. शुभवर्तमानांत असं दार्ष्टान्तिक सविस्तर मिळतं ते पेरणारा आणि शेतातलं निदण या दोन दाखल्यांना. बाकीचे बहुतेक उघडे आहेत. कीर्तनातही पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान येऊन ते ठसवतं. नगरला कृष्णराव सांगळे यांनी 19व्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, पुढे नारायण वामन टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि तो बाज मंडळ्यांच्या अंगात मुरला. म्हणून लोक उपदेशाच्या शेवटी तात्पर्याची वाट पाहतात. पाळकांना या परंपरेविषयी मनापासून प्रेम आहे. सणाला ते स्वतः कीर्तनाला उभे राहतात. पण दाखला सांगायची वेळ आली की पूर्वरंग गाळतात. तत्त्व आधी कळलं तर आख्यानात कुणी अडकत नाही.

शेतकऱ्यांसमोर दाखले सांगताना आणखी एक गोष्ट होते. त्यांना वस्तू माहीत असतात. पेरणाऱ्याचा दाखला ऐकून कोरडवाहू पट्ट्यातला एक शेतकरी म्हणाला, "हा माणूस पेरतोय की उधळतोय? वाटेवर बी टाकतं का कुणी?" इकडे पेरणी पाभरीने होते, चाड्यावर मूठ धरलेली, दाणा सरळ तासात पडतो. गालीलात बी हाताने फोकत. तरी त्याचा आक्षेप योग्य जागी लागला होता, कारण दाखल्यातला पेरणारा वाटेवर, खडकाळीवर, काट्यांत कुठेच हात आखडता घेत नाही. आपण कोणती जमीन आहोत, हे विचारण्याची उपदेशांत रीत आहे. या शेतकऱ्याने पेरणाऱ्याकडे बघायला लावलं. नंतर तो तीसपट, साठपट, शंभरपटीच्या हिशेबात शिरला आणि शंभरपटीला त्याने मान हलवली. मोहरीच्या दाखल्याचंही तसंच. फांद्यांवर पाखरं बसतील एवढी मोहरी नगरकडे कुणी पाहिलेली नाही; यार्देनच्या खोऱ्यात काळी मोहरी माणसाहून उंच जाते.

महिला मंडळात हिशेब आणखी पक्का असतो, कारण बचत गटाच्या वह्या याच बायका लिहितात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा माफ करतो, आणि तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांचा रोज. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं, तर दोन लाख वर्षं. हे गणित फळ्यावर मांडल्यावर बायका हसल्या. एवढं कर्ज देणारा सावकार कोण आणि घेणारा कोण! मग एकीने दुसरं टोक धरलं. "पण शंभर रोज म्हणजे थोडे नाहीत. साडेतीन महिने झाले. त्याचेही पैसे खरेच अडकले होते." सोबत्याचं देणं खोटं नव्हतं, हे उपदेशात सहसा कुणी सांगत नाही. तिला ते वहीवरून कळलं. माफ करायची रक्कम जाणवण्याइतकी मोठी असते, आणि तरी आधीच्या रकमेपुढे ती दिसतही नाही. ही दोन्ही टोकं एकाच वेळी हातात धरणं कठीण आहे, आणि दाखला ते करायला लावतो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर पाळक सर्वांत जास्त वेळ देतात. पापी आणि जकातदार यांच्याबरोबर हा जेवतो, अशी परूश्यांची कुरकुर लूकच्या पंधराव्या अध्यायाच्या तोंडाला आहे. तिला उत्तर म्हणून हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हा पुत्र असे तीन दाखले येतात. त्यामुळे कुरकुर करणारा थोरला भाऊ हाच ऐकणाऱ्यांचा माणूस. तो शेतातून येतो, परतलेल्या धाकट्या भावासाठी वासरू कापून मांडलेल्या पंगतीची वाजंत्री ऐकतो आणि दारात अडून बसतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढे काय झालं, ते लूक लिहीत नाही.

सातबारा वाचणाऱ्या लोकांना थोरल्याची बाजू झटकन कळते. नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भाऊ असतील तर दोन तृतीयांश. धाकटा आपला हिस्सा घेऊन गेला होता. म्हणजे वाड्यात उरलेलं सगळं थोरल्याच्या वाट्याचं. "कापलेलं वासरूसुद्धा त्याचंच की हो," असं एका शेतकऱ्याने म्हटलं. माझं ते सर्व तुझंच आहे, असं बाप सांगतो, त्या शब्दाला कागदोपत्रीही वजन आहे हे त्या क्षणी सगळ्यांच्या ध्यानात आलं. एका बाईने विचारलं, त्या घरात लेकी असतील तर त्यांना काय मिळालं? 1925च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि भावासाठी हक्कसोड करून दिलेल्या बहिणी त्याच खोलीत बसल्या होत्या. त्या दिवशीची सभा ठरल्या वेळेत संपली नाही.

आता पाळक संडे स्कूलच्या तरुण शिक्षकांना तयार करतात. धड्याच्या शेवटी तात्पर्याची चौकट असते, तिथे ते मुलांसाठी प्रश्न लिहायला सांगतात. प्रश्न असा हवा की शिक्षकालाही त्याचं उत्तर आधी ठाऊक नसावं. बहुतेकांना हे जड जातं. उत्तर येत नसलेला शिक्षक मुलांसमोर उभा कसा राहील, अशी त्यांची धास्ती असते. एका मुलीने चौकटीत लिहून आणलं: थोरला भाऊ आत गेला तर पंगतीत कुणाशेजारी बसेल? तिच्या वर्गातल्या मुलांनी उत्तरं दिली. बापाशेजारी, असं काहींनी सांगितलं. चाकरांमध्ये, असं एकाने सांगितलं, कारण तो रोज त्यांच्याबरोबरच शेतात असायचा. एका मुलाने तो आत जाणारच नाही असं सांगितलं आणि कारण द्यायला नकार दिला. शेवटी एका लहानगीने हात वर केला आणि विचारलं, "या घरात आई कुठे आहे?" दाखल्यात आईचा उल्लेख नाही. शिक्षिकेने तो प्रश्न चौकटीखाली लिहून घेतला, आणि पाळकांनी तो पुढच्या आठवड्यात महिला मंडळापुढे ठेवला.